मदत हवी आहे: जांघेतला लाल चट्टा मलमाने बसतो आणि पुन्हा उठतो

जुईचा_वेल
भाचा 19 वर्षांचा, पुण्यात वसतिगृहात राहतो. जूनअखेरीस जांघेत लाल, गोल, खाजरा चट्टा उठला. मेडिकलमधून आणलेलं मलम लावलं की दोन-तीन दिवसांत खाज थांबते. बंद केलं की आठवड्यात पुन्हा, आणि आधीपेक्षा मोठा. आता कमरेवर इलॅस्टिकच्या रेषेतही चट्टे आलेत. ट्यूबवर क्लोबेटासॉल, निओमायसिन, मायकोनाझोल अशी नावं आहेत. हे घामोळं आहे की ॲलर्जी? काय करावं?

निर्गुडी
चट्ट्याची कडा नीट बघायला सांगा. कड उंचावलेली, तिच्यावर बारीक पापुद्रे आणि मधला भाग त्यामानाने स्वच्छ असेल, तर हा बहुधा गजकर्ण, म्हणजे बुरशी. घामोळ्याचे सुटे बारीक पुरळ असतात, त्याचं कडं होत नाही. ॲलर्जी जिथे वस्तू टेकते तिथेच उठते: बक्कल, इलॅस्टिक, नवीन साबण. पण मलमाने बसून दरवेळी मोठं होऊन परत येणं ही बुरशीवर स्टेरॉइड पडल्याची ठळक खूण आहे.

क्लोबेटासॉल हे अतिशय तीव्र स्टेरॉइड. ते लाली आणि खाज दाबतं, त्यामुळे बरं वाटतं; पण बुरशीशी लढणारी त्या जागेची ताकदही दाबतं. आत बुरशी पसरतच राहते. कडा पुसट होतात, मग डॉक्टरांनाही नुसतं बघून ओळखणं अवघड जातं. जांघेतली कातडी नाजूक, तिथे औषध जास्त मुरतं. महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते आणि पोटावर बाळंतपणानंतर दिसतात तसे चरे पडतात. ते पुसले जात नाहीत.

ते मलम थांबवायचं. थांबवल्यावर काही दिवस खाज भडकेल, हे भाच्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो पुन्हा तीच ट्यूब उघडेल. आणि ट्यूब घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊ द्या. कडेवरचे पापुद्रे खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. साधी तपासणी आहे, बहुतेक वेळा त्याच दिवशी कळतं. बुरशीचं मलम चालू असेल तर ती सापडत नाही असंही होतं, म्हणून काय काय लावलं ते लपवू नये.

जुईचा_वेल
कडा अगदी तशीच आहे. तोवर साधं बुरशीचं मलम चालेल का? आणि मित्र टर्बिनाफिन या बुरशीवरच्या औषधाच्या गोळ्या घे म्हणतोय.

निर्गुडी
स्टेरॉइड नसलेलं मलम चालेल, पण तपासणी दोन-चार दिवसांवर असेल तर थांबलेलं बरं. मलम कमी लावणं ही नेहमीची चूक. तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, तेवढ्यात दोन तळहातांएवढी जागा होते. कडेच्या बाहेर 2 सेंटिमीटरपर्यंत लावायचं, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. चट्टा दिसेनासा झाल्यावरही किमान दोन आठवडे चालू ठेवायचं.

गोळ्या मित्राच्या सांगण्यावरून नकोत. भारतात सध्या टर्बिनाफिनला दाद न देणारी बुरशी बरीच आढळते. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे तिचं नाव. मग इट्राकोनाझोल देतात. त्याचं यकृत, हृदयाचे विकार आणि इतर औषधांशी असलेलं वाकडं डॉक्टरांनाच सांभाळावं लागतं.

पागोळी
कपड्यांकडे लक्ष दिलं नाही तर औषध वाया जातं. पावसाळ्यात दमट अंतर्वस्त्र आणि जीन्स हेच मूळ. टॉवेल आणि चड्ड्या इतरांच्या कपड्यांपासून वेगळ्या, 60 अंशांच्या गरम पाण्यात धुवा. उलट्या करून वाळवा. ऊन नसेल तर शिवणीवरून, इलॅस्टिकवरून गरम इस्त्री फिरवा. ओलसर चड्डी कधीच घालायची नाही. अंघोळीनंतर जांघ थोपटून पूर्ण कोरडी केल्यावरच मलम. पायाच्या बोटांच्या बेचक्यांतही बघा. तिथली बुरशी चड्डी घालताना जांघेत पोचते, म्हणून आधी मोजे, मग चड्डी.

लसूण ठेचून, चुना किंवा लिंबू लावू देऊ नका. जांघेत भाजतं आणि वर जंतुसंसर्ग होतो.

खडीसाखर
खोलीतल्या आणखी कुणाला खाज आहे का? रात्री वाढते का? बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर बारीक पुटकुळ्या असतील तर ती खरूज, उपचार पूर्ण वेगळा: पर्मेथ्रिन 5 टक्के मलम मानेपासून पायापर्यंत रात्रभर, आठवड्याने पुन्हा, आणि खोलीतल्या सगळ्यांनी एकाच वेळी.

जुईचा_वेल
हातावर काही नाही. पण खोलीतल्या मित्रालाही जांघेत तसाच चट्टा आहे आणि दोघं एकच टॉवेल वापरतात.

निर्गुडी
मग दोघांनी एकाच वेळी दाखवायचं, टॉवेल आजच वेगळे. एकालाच औषध दिलं तर दुसऱ्याकडून परत येईल. चट्ट्यातून पू यायला लागला, आजूबाजूची जागा गरम होऊन सुजली किंवा ताप आला, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.