एशियन कॉकटेल बारमध्ये निवांत बसायचंय, काय मागवावं?

सांजवेळ
नमस्कार मंडळी. घरापासून चालत जाता येईल इतक्या जवळ एक छोटा एशियन कॉकटेल बार सुरू झालाय, आत जेमतेम वीस-बावीस माणसं मावतील, दिवे मंद, गाणी हळू, बाहेरून डोकावूनच आवडला मला. आम्ही चौघं कॉलेजपासूनचे, कित्येक महिन्यांनी भेटतोय आणि नाचगाणं काही नकोय, दोन-अडीच तास नुसत्या गप्पा मारायच्यात. पण दाराशी लावलेला मेनू वाचला तर युझू, शिसो, उमेशू, शोचू, पांदान, निम्म्या शब्दांचा अर्थच लागेना. आमच्यातली एक अजिबात पीत नाही, एकाला गोड चालत नाही, आणि मला दुसऱ्या ग्लासनंतर जड व्हायला लागतं. तर कुठून सुरुवात करावी, आणि बारटेंडरला हे सगळं विचारत बसलं तर चालतं का? ही संध्याकाळ छान जावी असं फार मनात आहे.

गवतीचहा
आधी शब्दांचं बघू, म्हणजे निम्मी भीती तिथंच जाईल. युझू हे जपानी लिंबाच्या जातीचं फळ, रस थोडा, बियाच जास्त, पण सालीचा वास असा की ग्लास तोंडाशी नेला की आधी तोच येतो. शिसो पुदिन्याच्या कुळातलं पान. पांदान हेही पानच, सुवासिक तांदूळ शिजताना जो वास सुटतो ना तोच, खरंच तोच, कारण दोन्हीत वासाचा घटक एकच असतो. कालामान्सी म्हणजे फिलिपिन्सकडचं छोटं आंबट लिंबू.

आता दारू. साके तांदूळ आंबवून करतात, साधारण 15-16 टक्के, म्हणजे वाइनच्या जरा वर. शोचू मात्र डिस्टिल केलेली असते, बार्ली, रताळं किंवा तांदळाची, बहुतेक 25 टक्के. कोरियन सोजू 16 ते 20 च्या आसपास मिळते. उमेशू म्हणजे उमे नावाचं आंबट फळ साखर घालून दारूत महिनोन्‌महिने मुरवलेलं, गोड असते. आणि चिनी बायज्यू कुठं दिसली तर जपून, ज्वारीवर्गातल्या धान्याची असते आणि 50 टक्क्यांच्या वर सहज जाते, वासही पहिल्यांदा घेणाऱ्याला झेपेलच असं नाही. मला स्वतःला आवडते ती, पण पहिल्या संध्याकाळी नको.

बर्फाचा_खडा
मी सहा वर्षं बारच्या पलीकडे उभा राहून काम केलंय त्यामुळे शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, विचारा, बिनधास्त विचारा. फक्त "काहीतरी छान द्या" असं म्हणू नका, त्यातून आम्हाला काहीच कळत नाही. आंबट हवं की कडवट, सोडा घालून उंच ग्लासात की छोट्या ग्लासात घट्ट, हलकं की कडक, एवढ्या तीन गोष्टी सांगितल्यात की पुढचं काम आमचं.

आणि सुरुवात हायबॉलने करा. दिसायला व्हिस्की-सोडा, पण नीट केलेला हायबॉल एकदा डोळ्यांसमोर होताना बघा. उंच ग्लास काठोकाठ बर्फाने भरायचा, लांब चमच्याने नुसता बर्फच फिरवून ग्लास गार करायचा, खाली जमलेलं पाणी ओतून टाकायचं, मग 30 मिली व्हिस्की, परत ढवळायचं म्हणजे तीही गार होते, मग चांगला थंड सोडा 120 मिली, तोही बर्फावर न आपटता ग्लासच्या कडेने, आणि शेवटी चमचा तळापर्यंत घालून एकदाच हळूच वर उचलायचा, बस. सोडा बर्फावर आपटला किंवा आत काही कोमट असलं की गॅस उडून जातो आणि पाच मिनिटांत ते मचूळ पाणी होतं. असा हायबॉल 8 टक्क्यांच्या आसपास भरतो, अर्धा तास हातात राहतो, आणि बोलताना जीभ जड होत नाही.

सावकाश_जाऊ
हायबॉलचं पटलं पण ज्याला गोड चालत नाही त्याच्यासाठी माझं मत वेगळं आहे. त्याला बांबू मागवू दे. ड्राय शेरी आणि ड्राय व्हर्मूथ समसमान, वर बिटर्सचे, म्हणजे कडवट मसालेदार अर्काचे थेंब, एवढंच. 1890 च्या दशकात जपानमधल्या योकोहामाच्या ग्रँड हॉटेलात लुई एपिंगर मॅनेजर होता, त्याच्याशी हे ड्रिंक जोडलं जातं. त्यात कडक दारू अशी नाहीच, शेरी आणि व्हर्मूथ दोन्ही वाइनवर आधारलेल्या, त्यामुळे चव पूर्ण मोठ्या माणसाची आणि डोकं शाबूत. मेनूवर नसलं तरी चांगला बारटेंडर करून देतो.

सिंगापूर स्लिंग मात्र त्याला नको. रॅफल्स हॉटेलच्या लाँग बारचं ड्रिंक म्हणून प्रसिद्ध आहे, जिन, चेरी ब्रँडी, अननसाचा रस, ग्रेनाडीन असं सगळं, चांगलं असतं पण गोड. लीची मार्टिनीचंही तेच, शिवाय ती फसवी, सरबतासारखी उतरते आणि आत बहुतेक वेळा 60 मिली व्होडका असते. सांजवेळ, तुमच्यासाठी हिशेब सांगते. 40 टक्क्यांची 60 मिली म्हणजे 24 मिली शुद्ध अल्कोहोल, 30 मिलीच्या हायबॉलमध्ये 12. म्हणजे तुम्ही दोन हायबॉल घेतलेत तरी त्या एका मार्टिनीएवढंच झालं, आणि सोबत पाव लिटर सोडाही पोटात गेला. जड होतं ते बऱ्याचदा ग्लास मोजल्यामुळे, आत काय आहे ते न मोजल्यामुळे. आणि रिकाम्या पोटी बसू नका, एदामामे (उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा), ग्योझा (मोमोसारखे) असलं काहीतरी पहिल्या ग्लासबरोबरच सांगून टाका.

लिंबूसोडा
मी न पिणाऱ्यांपैकी, त्यामुळे तुमच्या मैत्रिणीबद्दल बोलते. तिला कोला देऊन बसवू नका प्लीज, मी कित्येक संध्याकाळी तशा काढल्यात आणि दुसऱ्या ग्लासनंतर घरी जावंसं वाटतं. अशा बारमध्ये आमच्यासाठी खरंतर सगळ्यात जास्त असतं, युझू, आलं, लेमनग्रास, शिसो, गार ऊलाँग चहा, या कशालाच चव यायला दारू लागत नाही. मला सगळ्यात आवडतो तो थंड ऊलाँग, थोडा युझू आणि वरून सोडा, साखर नाही, जरा तुरट लागतो त्यामुळे गटागटा संपत नाही, बाकीच्यांच्या ग्लासबरोबर चालतो.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगायची, "बिटर्सही नकोत". बिटर्स थेंबथेंब घालतात पण त्यात बऱ्याचदा 40 टक्क्यांच्या वर अल्कोहोल असतं आणि बिनदारूच्या ड्रिंकमध्येही सवयीने पडतं. कोंबुचा म्हणजे आंबवलेला चहा, त्यातही किंचित असतं. कुणी औषधासाठी किंवा श्रद्धेने पीत नसेल तर तो थेंबही महत्त्वाचा. आणि कुणाला सुकामेव्याची ॲलर्जी असली तर तेही आधीच, ऑर्जा नावाचं सिरप बदामाचं असतं, आणि काही जण दारूला तीळ किंवा शेंगदाण्याच्या तेलाचा वास मुरवतात, वरून बघून काही कळत नाही.

सांजवेळ
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, थँक्यू. बांबूचं नाव मित्राला कळवलं, तो आत्तापासूनच खूश आहे. मैत्रिणीला ऊलाँगचं वाचून दाखवलं तर म्हणाली पहिल्यांदा कुणीतरी माझा विचार केला. बिटर्सचं मला खरंच माहीत नव्हतं. आता शेवटचं, टेबल घ्यावं की काउंटरला बसावं? तिथं काउंटर लांबलचक आहे आणि टोकाला काटकोनात वळतो.

बर्फाचा_खडा
चौघं सरळ रांगेत बसलात तर कडेचे दोघं एकमेकांना दिसणारच नाहीत आणि गप्पा दोघा-दोघांत तुटतील. पण तो वळणाचा कोपरा मिळाला तर तोच घ्या, दोघं एका बाजूला, दोघं दुसऱ्या, सगळ्यांचे चेहरे दिसतात आणि समोर हायबॉल होतानाही बघता येतो. त्यासाठी फोन करून "कोपरा ठेवा" असं सांगा आणि शक्यतो उघडल्या उघडल्याच जा, तेव्हा बारटेंडरच्या हातात वेळ असतो. मैत्रिणीला वळणाच्या अगदी जवळ बसवा, म्हणजे बिटर्सचं ती स्वतःच बारटेंडरला थेट सांगू शकेल.