आईचं खुब्याचं ऑपरेशन आहे, दवाखान्यात इन्फेक्शन होऊ नये म्हणून आपण काय करायचं?

गडहिंग्लजची लेक:
आई ७१ वर्षांची, बाथरूममध्ये पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं, परवा कोल्हापुरात ऑपरेशन आहे. शुगर पण आहे तिला. मला ऑपरेशनपेक्षा नंतरचीच भीती वाटतीय, कारण तीन वर्षांपूर्वी बाबा दुसऱ्या एका दवाखान्यात साध्या कारणासाठी ॲडमिट होते आणि तिथंच लघवीचं इन्फेक्शन होऊन पंधरा दिवस जास्त राहावं लागलं. आता जनरल वॉर्ड आहे, सहा बेड, आणि गावाकडून भेटायला माणसं येणारच, त्यांना नको कसं म्हणायचं? सिस्टरना हात धुवा म्हटलं तर राग येईल का?

वॉर्डातली सिस्टर:
ताई, मी १४ वर्षं सर्जिकल वॉर्डात आहे. राग येत नाही, खरंच विचारा. फक्त "सिस्टर, सॅनिटायझर इथं ठेवलंय हं" एवढं म्हटलं तरी आम्हाला कळतं. आणि ग्लोव्हज घातलेत म्हणजे झालं असं समजू नका, तेच ग्लोव्हज घालून या बेडवरून त्या बेडवर कुणी आलं तर लगेच थांबवा. सॅनिटायझर २०-३० सेकंद चोळायचं, अंगठा आणि बोटांची टोकं सगळेच विसरतात. शेजारच्या पेशंटला जुलाब लागले असतील तर मात्र सॅनिटायझरवर भागत नाही, साबण-पाणीच पाहिजे.

ऑपरेशनच्या आधी घरच्या रेझरनं केस काढू नका, प्लीज. बारीक बारीक कापतं, डोळ्याला दिसत पण नाही आणि जंतूंना तिथूनच वाट मिळते. काढायचेच असले तर आम्ही क्लिपरनं, म्हणजे केस बारीक कापायच्या मशीननं काढतो. आणि शुगर आटोक्यात ठेवा, शुगर वाढली की जखम भरत नाही.

आता बाबांचं सांगते. लघवीची नळी आत आहे तोवर इन्फेक्शनचा धोका रोज वाढतच जातो. म्हणून रोज राऊंडला एकच विचारायचं, "डॉक्टर, लघवीची नळी आज काढता येईल का?" सलाईनच्या सुईचं पण तेच, सलाईन बंद झालं तरी सुई उगाच हातात राहून जाते. सुईच्या जागी लाल झालं, सुजलं, दुखायला लागलं तर सकाळची वाट बघू नका, तेव्हाच सांगा.

सातारकर_७७:
सिस्टर बरोबर बोलल्या. माझ्या वडिलांना एक्स-रेला नेताना स्ट्रेचरवर घेतलं आणि मीच युरिनची पिशवी उचलून त्यांच्या पोटावर ठेवली, लोंबकळू नये म्हणून. नळीतली लघवी उलटी आत जाताना दिसली तेव्हा तिथल्या मावशी ओरडल्या. पिशवी कायम कंबरेच्या खाली पाहिजे, पण फरशीला टेकता कामा नये, बेडच्या कडेला हुकला अडकवायची. आणि रिकामी करताना तोटी भांड्याला लागू द्यायची नाही. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, अजून मनाला लागतं.

हातांचं म्हणाल तर ही गोष्ट आजची नाही. १८४७ साली व्हिएन्नाच्या बाळंतीण वॉर्डात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं सगळ्यांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले, एप्रिलमध्ये १८ टक्के बाळंतिणी दगावत होत्या त्या काही महिन्यांत २ टक्क्यांच्या आसपास आल्या. नुसते हात धुवून!

निपाणीची सून:
पाहुण्यांचं आम्ही असं केलं, घरातल्या मोठ्या काकांनाच फोन करायला लावला, "डॉक्टरांनी मनाई केलीय, घरी आल्यावर या." काकांचा शब्द कोण मोडतंय. तरी आलेच तर एका वेळी एकच जण, सर्दी-खोकला असलेला नको, लहान मूल नको, आणि बेडवर बसायचं नाही, स्टूल ठेवा. ड्रेसिंग कसं दिसतंय म्हणून पट्टी उचलून बघणारी पण असतात, त्यांना हात लावू देऊ नका.

गडहिंग्लजची लेक:
खूप आधार वाटला. आत्ता बघितलं तर आईची पिशवी चक्क फरशीवरच होती, हुकला लावली. नळी मात्र फ्रॅक्चरमुळे घातलीय, ती ऑपरेशनपर्यंत राहणार म्हणतायत. नंतर किती दिवसांनी काढा म्हणायचं?

वॉर्डातली सिस्टर:
दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या राऊंडलाच विचारा. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत निघते. नळी काढल्यावर सहा तासांत लघवी झाली नाही किंवा ओटीपोट फुगलं तर लगेच सांगा.