पावसाळ्यात मिनिएचर रंगवायच्यात, बजेट २५०० – काय घेऊ?

दादरचा_डीएम: डी अँड डीची (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलावर छोट्या मूर्ती मांडून खेळायचा खेळ) नवी मोहीम सुरू करतोय, पहिला खेळ तीन आठवड्यांनी. पाच हिरो, आणि राक्षसांत दहा बुटके गॉब्लिन, एक धिप्पाड ओगर. रंगवण्याचा अनुभव शून्य. २५०० मध्ये सगळं बसवायचंय, रंग आणि ब्रश धरून. घराला गॅलरी नाही, खिडकीला ग्रिल, बाहेर जुलै. कुठल्या मूर्ती घेऊ? प्रायमर (रंग धरावा म्हणून आधी द्यायचा थर) स्प्रेने मारू की ब्रशने?

रेझिन_रावण: सरळ रेझिन प्रिंटर (द्रव रेझिनपासून मूर्ती बनवणारा थ्रीडी प्रिंटर) घे. सोबत आयसोप्रोपिल अल्कोहोल, यूव्ही दिवा, नायट्राइल हातमोजे. गॉब्लिन हवे तेवढे पाड. माझ्याकडच्या प्रिंटवर नाकातली नथसुद्धा दिसते.

ठाण्याचा_ऑर्क: २५०० लिहिलंय रे त्याने. शिवाय बंद खोलीत रेझिनचा वास आणि शेजारी अल्कोहोलची बाटली? प्रिंट पोकळ असेल तर तळाला दोन भोकं हवीत आणि आतूनही धुवायला हवं. नाहीतर आतलं कच्चं रेझिन कधीतरी तडा पाडून बाहेर येतं.

रेझिन_रावण: भोकं पाडतोच मी. बजेट काय, वाढवता येतं.

माहीम_मिनीज: @दादरचा_डीएम, हिरोंसाठी विझकिड्स कंपनीच्या नॉल्झर मालिकेतल्या मूर्ती घे. त्यांवर वलेहो कंपनीचा प्रायमर आधीच मारलेला असतो, म्हणजे तुझा स्प्रेचा प्रश्न मिटला. तलवार किंवा काठी वाकलेली आली तर खूप गरम पाण्यात काही सेकंद धर, बोटांनी सरळ कर आणि लगेच गार पाण्यात बुडव. रीपर कंपनीच्या बोन्स मूर्तींच्या मऊ प्लास्टिकलाही हाच उपाय. फक्त बोन्सवर डब्यातला स्प्रे मारू नकोस. काही स्प्रे त्या प्लास्टिकवर वाळतच नाहीत, चिकट राहतात. त्यावर ब्रशने लावायचा प्रायमरच बरा.

लोअर_परळ_लिच: सिटाडेलचे रंग घे, बाकी सगळं खेळणं आहे.

ठाण्याचा_ऑर्क: सिटाडेलची डबी १२ मिलीची, झाकण नीट लागलं नाही की रंग गोठला. वलेहोची ड्रॉपर बाटली बरी, थेंब मोजून घेता येतात. हलवून हलवून हात दुखतो ते वेगळं.

क्रॉफर्ड_क्लेरिक: रंगांवर भांडा नंतर, आधी पावसाचं बघा. हवेत दमटपणा जास्त असला की स्प्रे प्रायमर खरखरीत बसतो आणि चेहऱ्याचे बारकावे बुजतात. डबा फार लांब धरला तरी तेच होतं, थेंब हवेतच अर्धे वाळतात. २०–३० सेंमी अंतर, फवारा मूर्तीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा, एका जागी थांबायचं नाही. मॅट वार्निशचा स्प्रे याहून वाईट, पावसात पांढरा धुरकट होतो. झालाच तर वरून ग्लॉसचा हात द्या, बरेचदा पुन्हा स्वच्छ दिसतं. ग्रिलच्या खिडकीत हे कशाला? वलेहोचा ब्रशने लावायचा प्रायमर घे, दोन पातळ हात दे आणि पूर्ण एक दिवस ठेव. तो घासू मात्र नकोस, पापुद्र्यासारखा निघतो. त्याच्याआधी साच्याच्या जोडाची रेघ सुरीच्या पाठीने खरवडून काढ आणि मूर्ती भांड्याच्या साबणाने धू. तेलकट राहिली तर काहीच टिकत नाही. फेविक्विकही जेमतेम लाव. दमट हवेत त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढरं बसतं.

माहीम_मिनीज: +१, आधी धुवा.

लोअर_परळ_लिच: धुवायला विसरू नका.

गिरगाव_गॉब्लिन: रंग पाच पुरतात: काळा, पांढरा, लाल, पिवळा, तपकिरी. काळ्यात पिवळा मिसळला की गॉब्लिनला शोभेल असा मळका हिरवा होतो, निळा विकत घ्यायलाच नको. कॅम्लिनचे ॲक्रिलिक चालतात, पण ट्यूबमधला रंग घट्ट असतो. दुधाइतका पातळ करून दोन-तीन हात द्यायचे. ब्रश शून्य नंबरचा नको, टोकावरच रंग वाळतो. एक नंबरचा घे, टोक चांगलं हवं. ड्रायब्रशला (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग फिरवायला) मेकअपचा गोल मऊ ब्रश, दादर स्टेशनबाहेर मिळतो.

ठाण्याचा_ऑर्क: पाण्याने पातळ? फार पाणी घातलं की रंगाची पकड जाते. मीडियम (रंग पातळ करायचं पारदर्शक द्रावण) वापर.

गिरगाव_गॉब्लिन: मीडियमचे पैसे तू देणार?

क्रॉफर्ड_क्लेरिक: निम्म्यापर्यंत पाणी चालतं, पुढे मीडियम. ओली पॅलेट बनव: सपाट डबा, ओला किचन टिश्यू, वर बेकिंगचा कागद. मेणाचा कागद नको, त्यातून पाणी वर येत नाही.

लोअर_परळ_लिच: पावसात त्या डब्याला बुरशी लागते. तांब्याच्या तारेचा तुकडा टाकून ठेव.

माहीम_मिनीज: तार कशाला, टिश्यू बदल की! फ्रिजमध्ये ठेवलीस तर घरचे डबा उघडून बघतील एवढंच.

रेझिन_रावण: मूर्ती २८ मिमी मापाच्या घेणार की ३२? मिसळू नकोस, विचित्र दिसतं.

ठाण्याचा_ऑर्क: २८ हे सहसा पायापासून डोळ्यापर्यंतचं माप, काही कंपन्या डोक्यापर्यंत मोजतात. म्हणून दोन कंपन्यांच्या २८ मिमीवाल्या मूर्तीही सारख्या नसतात.

रेझिन_रावण: डोक्यापर्यंतच मोजतात.

ठाण्याचा_ऑर्क: नाही.

क्रॉफर्ड_क्लेरिक: खेळाला उंचीपेक्षा तळ (मूर्ती जिच्यावर उभी असते ती चकती) महत्त्वाचा. खेळाच्या नकाशावर एक इंचाचा चौकोन म्हणजे पाच फूट. हिरो आणि गॉब्लिन दोघांनाही २५ मिमी, ओगरला ५० मिमी, कारण तो दोन बाय दोन चौकोन अडवतो. तळावर फेविकॉल आणि चाळलेली वाळू, समुद्रावरची असेल तर धुऊन.

दादरचा_डीएम: सगळ्यांचे आभार. ठरलं. हिरो ज्याचा त्याने आणायचा, मी खर्च करणार नाही. दहा गॉब्लिन जवळच्या प्रिंटिंगवाल्याकडून साध्या फिलामेंटवर (प्लास्टिकची तार वितळवून थर रचणाऱ्या प्रिंटरवर) काढून घेतोय, ओगर पुठ्ठ्याचा. काळा स्प्रे आणलाय, पाऊस उघडला की गच्चीवर मारतो.

रेझिन_रावण: फिलामेंट?? थरांच्या रेषा दिसतील.

दादरचा_डीएम: टेबलापलीकडून कोण बघतंय.

गिरगाव_गॉब्लिन: थर ०.१२ मिमीचा किंवा त्याहून बारीक सांग, आणि डोक्याचा माथा आधी तपास, पायऱ्या तिथेच जास्त दिसतात. गडद वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) लावू नकोस, प्रत्येक रेषेत साचेल. ड्रायब्रश आडवा फिरव, रेषांच्या दिशेने. उभा फिरवलास तर एकेक थर मोजता येईल.

क्रॉफर्ड_क्लेरिक: जुलैत गच्चीवर स्प्रे. बरं.

लोअर_परळ_लिच: पुठ्ठ्याच्या ओगरला तळ ५० मिमीचाच ठेव हां.