मित्र न बघताच रजिस्टर भरतोय, खाली सही माझी

फोंडेकर:
वेर्ण्याला एका फार्मा कंपनीत क्यूसीला, म्हणजे औषधं तपासायच्या खात्यात आहे, चार वर्षं झाली. माझ्याच शिफ्टला एक मित्र आहे, ह्यानेच मला इथे लावलं, रोज येणंजाणं त्याच्याच बाईकवरून. स्टॅबिलिटी चेंबर, म्हणजे औषध किती टिकतं ते बघायला ठेवतात ते कपाट, त्याचं टेंपरेचर नि ह्युमिडिटी दहाला, एकला आणि पाचला बघून लिहायची असते, ४० डिग्री ७५ टक्के, दोन डिग्री नि पाच टक्के इकडेतिकडे चालतं. हा महिनाभर सकाळी एकदा बघतो आणि बाकीचे बसल्या जागी भरतो, परवा तर पाचचं रीडिंग साडेतीनलाच लिहून निघाला. वडील बांबोळीला गोमेकॉ हॉस्पिटलात आहेत म्हणून धावपळ, मला सगळं माहितीये. पण ‘चेक्ड बाय’खाली सही माझी असते ना! दोन दिवस केली नाही, तर आज म्हणतो अरे सही राहिली तुझी. वर सांगितलं तर गेला तो, कॉन्ट्रॅक्टवर आहे.

सासष्टीचा:
चेंबर चालतोय ना नीट? मग कुणाच्या पोटावर पाय कशाला. ज्याने नोकरी लावली त्याचीच चुगली, बरा मित्र आहेस.

जुना क्यूएवाला:
चेंबर नीट चालतोय हे तुम्हाला कळलं कुठून, त्याच रजिस्टरवरून ना? गोळीची एक्स्पायरी ह्या डेटावर ठरते बाबांनो. रॅनबॅक्सी ह्या औषध कंपनीने २०१३ साली अमेरिकेत गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरले, त्यात स्टॅबिलिटी टेस्टच्या तारखा खोट्या दिल्याचंही प्रकरण होतं, आणि ते बाहेर काढलं ते त्यांच्याच एका माजी अधिकाऱ्याने, दिनेश ठाकूर. आपलं प्रकरण एवढंसं आहे मान्य, पण ऑडिटर काय करतो, गेटचं पंचिंग आणि रजिस्टर शेजारी शेजारी ठेवतो. माणूस पावणेचारला बाहेर आणि पाचचं रीडिंग त्याच्या अक्षरात. त्या दिवशी सही करणारा पण जातो हं.
आता मागच्या सह्या करू नकोस, मागची तारीख टाकून तर नकोच. पानं फाडणं, नवीन लिहिणं, व्हाइटनर, असलं काही सुचवलं कोणी तर ऐकू नको. आधी त्यालाच सांग आणि त्यालाच सुपरवायझरकडे जाऊ दे, डिव्हिएशन, म्हणजे नियम चुकल्याची लेखी नोंद, उघडू दे. स्वतःहून आलेल्याला मेमोवर सुटलेलं मी पाहिलंय, पकडलेल्याला नाही.

डिचोलीची:
आणि शिफ्ट का नाही बदलून मागत तो? वडील आजारी म्हटल्यावर देतात की. नाहीतर पाचचं तू घे, तुझ्या नावाने.

जुना क्यूएवाला:
चालेल, पण मग चेक तिसऱ्याने करायचं. स्वतःचंच रीडिंग स्वतः तपासायचं नाही.

फोंडेकर:
बोललो काका. बोरीच्या पुलाआधी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि सांगितलं, सही करणार नाही, आणि उद्यापर्यंत तू गेला नाहीस तर मी जाणार. आधी शिव्या दिल्या, मग म्हणाला रात्री झोपच नाही रे, आकडे बघायचं पण सुधरत नाही. उद्या नऊला दोघं जातोय सुपरवायझरकडे, शिफ्टचा अर्ज पण लिहिलाय त्याने. पुढे घरापर्यंत एक शब्द नाही बोलला. सकाळी बाईक येते का बघू, नाहीतर कदंबाची बस आहेच.