मदत हवी आहे : बोअरच्या पाण्यासाठी शाम्पू

आम्ही चोपड्याला राहतो. उन्हाळ्यापासून बोअरचं पाणी वापरतोय. बादलीवर पांढरा थर बसतो. मुलीचे (वय 13) केस राठ झालेत, विंचरताना मधूनच तुटतात. मुळापासून गळत नाहीत, कोंडा किंवा चट्टेही नाहीत. शिकेकाई साबणाने उलट चिकटपणा वाढला, तो बंद केला. खोबरेलाने तेवढ्यापुरता मऊपणा येतो. सासूबाई म्हणतात, चकोट करा, दाट येतील. पण वस्तरा मुळापर्यंत पोचतच नाही, मग दाट कसे येतील? पोरीला उगाच रडवायचं नाही. पाणी उकळून पाहिलं, बरं वाटलं. पण दरवेळी गॅस परवडत नाही. फिल्टरही नको.

क्षार काढणाऱ्या शाम्पूत ईडीटीए (क्षार बांधून ठेवणारं रसायन) असतं म्हणे, पण ते साध्या शाम्पूच्या यादीतही शेवटी दिसतं. मग नेमका कोणता घ्यावा, तीनशेच्या आत, आणि आठवड्यातून किती वेळा?