मदत हवी आहे : पद्मिनी घाटात तापते

गाडी १९८६ची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, पेट्रोल. सपाटीला तापमानाचा काटा मधोमध. खंबाटकीत अर्ध्या चढावरच लालला टेकतो.

रेडिएटर रॉडिंग करून (आतल्या नळ्या सळईने साफ करून) आणला, थर्मोस्टॅट आणि झाकण नवं, फॅनबेल्ट ताणलेला, वॉटर पंप कोरडा, म्हणजे गळत नाही. डिपस्टिकवर तेल स्वच्छ, दुधाळ नाही. पण गार इंजिन झाकण काढून चालू केलं आणि रेस दिली, की पाण्यात साबुदाण्याएवढे बुडबुडे येत राहतात. मेकॅनिक म्हणतो, हेड (इंजिनाचा वरचा भाग) खोला. त्याला काय, खोलायलाच आवडतं! मला टायमिंगचा, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेचा, संशय आहे. ठिणगीचे पॉइंट बदलल्यापासून चढाला ओढही कमी झालीये.

इलेक्ट्रिक पंखा सुचवू नका, गाडी मूळ रूपातच ठेवायचीय. हे बुडबुडे नुसत्या अडकलेल्या हवेचे असू शकतात का? आणि हेड न खोलता, त्याखालचं गॅस्केट (सील) गेलंय की टायमिंग मागे पडलंय, हे घरी कसं ओळखायचं?