अंतराळयानांच्या व्यूहखेळात इंजिनाचा आकार आणि इंधनाची बचत यांचा मेळ कसा घालावा?

सोलापूरचा_खेळगडी:
नमस्कार. मी सोलापुरात राहतो आणि गेले वर्षभर फावल्या वेळात अंतराळयानांचा एक व्यूहखेळ तयार करत आहे. संगणकावर उतरवण्यापूर्वी आम्ही मित्र तो दर रविवारी चौकटीच्या कागदावर खेळून पाहतो. इंधन म्हणून प्रत्येकाच्या वाटीत चिंचोके असतात. मोठे इंजिन यान वेगाने पळवते, म्हणून त्याला प्रत्येक घरामागे ४० टक्के जास्त चिंचोके लागतील असा नियम केला, तर ते कोणीच घेईना. तोच दंड २० टक्क्यांवर आणला, तर लहान इंजिनाकडे कोणी पाहीना. मधला आकडा चाचपडत बसण्याऐवजी काही मूलभूत मार्ग आहे का?

रिकामी_टाकी:
माझ्या मते आकडा चुकलेला नाही, दंडाची जागा चुकली आहे. सोलापूरहून चादरी घेऊन पुण्याला निघालेल्या ट्रकमधील डिझेलचे वजन मालापुढे नगण्य असते, म्हणून त्या ट्रकचे ‘ॲव्हरेज’ एका आकड्यात सांगता येते. यानाला असे स्थिर ॲव्हरेज नसते, कारण त्याच्या वजनाचा मोठा भाग इंधनाचाच असतो आणि ते इंधनही यानालाच वाहावे लागते. रशियन शास्त्रज्ञ त्सिओलकोव्हस्की यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेले सूत्र वापरून पाहा: वेगातील एकूण बदल म्हणजे झोताचा (इंजिनातून मागे फेकल्या जाणाऱ्या वायूचा) वेग गुणिले भरलेल्या आणि रिकाम्या वजनाच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम (गणकयंत्रावरील ln).

समजा, सांगाडा व माल मिळून २५ एकक, इंधन ५०, मोठे इंजिन २० आणि लहान इंजिन ५ एककांचे आहे. दोन्हींच्या झोताचा वेग अगदी सारखा ठेवला, तरी मोठ्या इंजिनाचे गुणोत्तर ९५ भागिले ४५ आणि लहानाचे ८० भागिले ३० येते, म्हणजे लहान इंजिनाच्या यानाला सुमारे ३१ टक्के अधिक वेगबदल मिळतो. वेगळा दंड लावावाच लागत नाही. इंजिनाचे स्वतःचे वजनच तो वसूल करते. टाकी दुप्पट करून सुटकाही होत नाही, कारण ५० ऐवजी १०० एकक इंधन भरले तर लहान इंजिनाच्या यानाचा वेगबदल दुप्पट नव्हे, जेमतेम दीडपट होतो.

मंगळवाट:
वरील हिशेब मान्य आहे, परंतु खेळात वेळेला किंमत नसेल तर लहान इंजिनच नेहमी जिंकेल. मंगळयानाचेच पाहा. सुमारे १३३७ किलोचे ते यान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी उडाले आणि त्याच्या मुख्य इंजिनाचा रेटा, म्हणजे यानाला पुढे ढकलणारे बल, ४४० न्यूटन होता. पृथ्वीच्या अगदी जवळून जाताना इंजिन पेटवणे सर्वांत फायद्याचे असते, पण एवढ्या लहान इंजिनाला त्या थोडक्या वेळात पुरेसा वेग देता येत नाही, म्हणून कक्षा टप्प्याटप्प्याने उंचावत ते १ डिसेंबरला मंगळाच्या वाटेला लागले. आपल्या खेळातही लहान इंजिनाला ग्रह सोडता यावा, मात्र त्यात चार-पाच खेळ्या जाव्यात आणि तेवढा काळ ते शत्रूच्या नजरेस पडावे.

आयन_झोत:
एक छोटी भर. विद्युत इंजिने (विजेच्या जोरावर झोत फेकणारी) घेणार असाल तर इंजिनाची शक्ती ठरवून द्या आणि रेटा की बचत ही निवड खेळाडूवर सोडा, कारण त्याच शक्तीत झोताचा वेग दुप्पट केला की इंधन वाचते, पण रेटा निम्मा होतो. नासाच्या ‘डॉन’ यानाच्या आयन इंजिनाचा (हे विद्युत इंजिनच) रेटा एक दशांश न्यूटनपेक्षाही कमी होता, तरी ते २०११ मध्ये व्हेस्टा या लघुग्रहाच्या आणि २०१५ मध्ये सेरेस या बटुग्रहाच्या कक्षेत पोहोचले.

सोलापूरचा_खेळगडी:
सर्वांचा मनापासून आभारी आहे. दंड काढून टाकला आणि लॉगॅरिदमऐवजी तयार तक्ता लिहून पटाशेजारी ठेवला. काल मोठ्या इंजिनाचा मित्र खाणीवर दोन खेळ्या आधी पोहोचला, पण परतीसाठी त्याच्या वाटीत तीनच चिंचोके उरले, आणि खनिजाचा अर्धा वाटा देऊन त्याने मागून आलेल्या लहान इंजिनाच्या यानाकडून इंधन घेतले. आता खाणीजवळच्या इंधनाचा भाव किती ठेवावा, हे पुढच्या रविवारी तपासणार आहे.